एडामावशीचा उंबरा

त्या मठात साधू राहिले ते तीनशे वर्षांच्या आत. आमच्यासारखी माणसं राहिली त्याहून जास्त. हे मी कुणालाही भर रस्त्यात सांगेन, आणि ऐकणाऱ्यानं मान फिरवली तर त्याची बाही धरून पुन्हा सांगेन. कारण मठाच्या दाराशी आज जी चकचकीत पाटी लावली आहे तिच्यावर साधू आहेत, त्यांना हाकलणारा राजा आहे, कापडाचा व्यापारी आहे, आणि आमच्याबद्दल एकच वाक्य आहे: ‘पुढे इमारतीची दुरवस्था झाली.’ ती दुरवस्था म्हणजे आम्ही. एडा सटक्लिफ, शेजारची डल्सी, माझी आई आणि मी.

इंग्लंडच्या राजानं देशभरचे मठ बंद करून साधूंना हाकललं तेव्हा मठाचं चर्च सगळ्यात देखणं होतं म्हणतात. त्याचा आज एक दगड जागेवर नाही. छताचं शिसं वितळवून नेलं, दगड गावातल्या निम्म्या भिंतींत गेले. उरलं काय, तर चौक, चौकाभोवतीची कमानींची ओसरी, खालचं साधूंचं जेवणघर आणि वरचं लांबलचक निजघर. का उरलं? कुणाला त्याची माया होती म्हणून नव्हे. वापर होता म्हणून. व्यापाऱ्यानं निजघरात माग बसवले. चामडं कमावणाऱ्यांनी जेवणघरात आपल्या सभा भरवल्या आणि भांडणं केली. मग तिथं बार्लीची पोती आली, एका लढाईत शिपाई येऊन राहिले आणि घोडे ओसरीत बांधले. शेवटी कुणीतरी फळ्यांच्या भिंती घालून खोल्या पाडल्या, कमानींतून धुराडी वर काढली आणि गिरणीतल्या माणसांना भाड्यानं दिल्या. चर्चमध्ये कुणी चूल पेटवली नाही, ते गेलं. जिथं चूल पेटली ती भिंत उभी राहिली. एवढी साधी गोष्ट आहे, पण शिकलेल्या माणसाला ती सांगायला गेलं की तो घड्याळ बघतो.

एडामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या आवारात आईच्या वयाच्या प्रत्येक बाईला मावशीच म्हणायची पद्धत. ती जन्मली निजघराच्या टोकाच्या खोलीत, लग्न होऊन नवऱ्याला घेऊन आली त्याच खोलीत. त्या खोलीला ओळीनं तीन अरुंद खिडक्या होत्या. एकेका खिडकीशी एकेक साधू पोथी वाचत बसायचा म्हणे. मावशीनं पहिल्या खिडकीत कुंडी ठेवली होती, मधल्या खिडकीखाली भांडी घासायची मोरी होती आणि तिसरी खिडकी क्लेमेंटची. क्लेमेंट म्हणजे तिचा नवरा. पहिल्या महायुद्धातून फुप्फुसं खराब करून आला आणि त्या खिडकीशी खुर्ची टाकून खोकत बसला. तो गेला तेव्हा साधूंच्या त्या गोल दगडी जिन्यातून शवपेटी काही वळेना. शेवटी शेजारच्या सज्ज्याच्या मोठ्या खिडकीतून दोरांनी खाली सोडावी लागली. सगळं आवार खाली उभं होतं. मावशी वरून ओरडली, “सांभाळून रे, त्याला झोका आवडायचा नाही.” आणि लोक रडता रडता हसले.

त्या दिवशीही सकाळी तिनं उंबरा घासला होता. इथून तिची खरी गोष्ट सुरू होते.

आमच्याकडे दर शुक्रवारी बायका आपापली पायरी घासत. भंगारवाल्याला जुने कपडे दिले की तो बदल्यात साबणाच्या वडीएवढा एक दगड द्यायचा, दुधी रंगाचा. पायरी आधी धुवायची, ओली असतानाच त्या दगडानं घासायची, की वाळल्यावर सायीसारखा रंग यायचा. ज्या घराची पायरी काळी त्या घरच्या बाईबद्दल लोक काय बोलत ते मी लिहीत नाही. मठाच्या आवाराला एकच मोठं दार होतं, ओसरीत उघडणारं, साधूंच्या वेळचं. त्याचा उंबरा सगळ्यांचा, म्हणून पूर्वी तो पाळीपाळीनं घासायचा. एकदा डल्सीची पाळी होती. मावशी येऊन बघते तर कोपरे काळे.

“डल्सी, हा उंबरा धुतलास की याला पाणी दाखवलंस?”

“एवढं डोळ्यात खुपत असेल तर तूच घास की बाई जन्मभर.”

“घासेन,” मावशी म्हणाली, आणि तिनं तो जन्मभर घासला.

गुडघ्याखाली पोतं घ्यायची, बाह्या वर सारायची आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायची. तिच्याआधी आपल्या पाळीला तिची आई तो घासायची, आईची आईही. मधे खोलगट झालेला, कडांना गुळगुळीत झालेला तो दगड. अर्धा टाकून मावशी कधी उठली नाही. दुसऱ्या युद्धात एकदा भोंगा वाजला, सगळे तळघराकडे पळाले, आई तिला हाका मारत होती, आणि ही म्हणाली, “जर्मनांना सांग थांबायला, माझी एक कड राहिलीय.” ती पूर्ण करूनच आली. आई तिला तळघरात इतकं बोलली की विमानांचं कुणाला भान राहिलं नाही.

मग युद्ध संपलं आणि काही वर्षांनी नगरपालिकेला आमची लाज वाटायला लागली. नगरसेवक क्रॉसली नाकाला रुमाल लावून येऊन गेला. छतं गळतात, संडास आवाराच्या टोकाला, भिंतीला ओल, हे सगळं खरं होतं. पण छत गळतं तर छत दुरुस्त करावं. यांनी ठरवलं की अख्खं आवार पाडायचं आणि तिथं मोटारी उभ्या करायच्या. आम्हाला टेकडीवर नव्या इमारतींत घरं मिळणार होती. पुष्कळांना ती हवीच होती आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. घरात संडास कुणाला नको असतो? डल्सी तर आधीच नळ सोडल्यासारखी हातवारे करून आंघोळीची नक्कल करायची.

एडामावशी म्हणाली, “मला इथून हलायचं नाही.” बस. तिनं एवढंच धरून ठेवलं.

आणि मार्गही तिनंच शोधला. आमच्या पाद्रीबाबांनी तिला सांगितलं की लंडनला जुन्या इमारती जपणारं एक सरकारी खातं आहे, त्यांनी एखादी इमारत मोलाची ठरवली की नगरपालिकेची कुदळ तिला लागत नाही. मावशीचे डोळे चमकले. “मग बोलवा की त्यांना. आमची इमारत मोलाची नाही तर काय क्रॉसलीची मोलाची?” पाद्रीबाबांनी शब्द टाकला आणि खात्याचा माणूस यायचं ठरलं. मिस्टर पेलम त्याचं नाव.

तो येणार त्या आठवड्यात आवारात जी धांदल उडाली तशी कुणाच्या लग्नातही उडाली नव्हती. मावशीनं फर्मान सोडलं. मोठा माणूस लंडनहून येतोय, आपलं घर बघून ठरवणार आहे, त्याला एक जाळं दिसता कामा नये. घर टिकवायचं असेल तर घर नीट ठेवणारी माणसं आहोत हे त्याला दिसायला नको? पुरुषांनी ओसरीच्या भिंतींना चुना मारला. पोरांनी चौकातलं गवत उपटलं. बायकांनी खांबांच्या बैठका, खिडक्यांच्या चौकटी, साधू जिथं हात धुवायचे ती दगडी पन्हाळ, सगळं घासलं. पन्हाळीच्या कडेला कसलीशी कोरीव वेल होती, तिच्या भेगांत काळं साचलेलं, ते डल्सीनं सुईनं कोरून काढलं आणि वर दुधी दगड फिरवला. मीही घासलं. बोटांची सालं निघाली. उंबरा मावशीनं कुणाला शिवू दिला नाही. तो तिनं असा केला की मिस्टर पेलम त्यावर पाय ठेवायला कचरला.

माणूस बोलायला गोड होता, हे मला कबूल केलं पाहिजे. उंच, जरा वाकलेला, हातात टेप. सगळ्यांना हॅट काढून नमस्कार केला. मावशीच्या खोलीत चहा घेतला, शहाजिऱ्याच्या केकचा दुसरा तुकडा मागून घेतला. छताची लाकडं बघून म्हणाला, “मिसेस सटक्लिफ, ही लाकडं साधूंच्या वेळची आहेत. अशी देशात फार थोडी उरलीत.”

“आम्ही काळजी घेतो साहेब,” मावशी म्हणाली. “माझी आई पण घ्यायची.”

“ते दिसतंच आहे,” तो म्हणाला आणि वहीत काहीतरी टिपलं. आम्हाला वाटलं, कौतुक केलं. तो गेल्यावर मावशी खुर्चीत बसून हसली. “पोरी, राहिलो आपण,” ती मला म्हणाली.

टाउन हॉलमधल्या सभेला आम्ही सगळे चांगले कपडे घालून गेलो. मावशीनं छातीवर क्लेमेंटनं दिलेला ब्रूच लावला होता. मिस्टर पेलम उभा राहिला आणि आधी म्हणाला की हा मठ पाडणं हा गुन्हा ठरेल. आम्ही टाळ्या वाजवल्या. डल्सीनं क्रॉसलीकडे बघून नाक उडवलं. मग तो पुढे बोलायला लागला, त्याच गोड आवाजात. इमारतीला सध्या सगळ्यात मोठा धोका कसला, तर तिथं राहणाऱ्यांचा. हेतू चांगला असेल, पण अज्ञान घातक आहे. ओसरीत चुना फासून जुन्या रंगाचे अवशेष बुजवले गेलेत. हात धुण्याच्या पन्हाळीवरची कोरीव वेल घासून जवळजवळ नष्ट केली आहे. आणि मुख्य दाराचा उंबरा, जो सातशे वर्षांपूर्वीचा आहे, तो इथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या दगडानं घासून घासून झिजवला आहे. म्हणून इमारत खात्यानं ताब्यात घ्यावी, रहिवाशांना ताबडतोब हलवावं, आणि नंतरची सगळी भर काढून टाकून मठाला मूळ रूप द्यावं.

त्या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती आजतागायत उतरलेली नाही. पाहुणा येणार म्हणून आम्ही घर घासलं. जगातली कुठलीही धड बाई तेच करेल. आणि त्यानं आमच्या हातचा केक खात ते टिपून घेतलं आणि आमच्याच गळ्याशी लावलं.

मावशी उठली. सगळी सभा वळून बघायला लागली. “साहेब,” ती म्हणाली, “तुम्हाला मी बोलावलं होतं.”

“हो मिसेस सटक्लिफ, आणि देश त्याबद्दल तुमचा ऋणी आहे.”

“देश राहू द्या. मी राहायचं कुठं?”

तेव्हा क्रॉसली मधेच बोलला की टेकडीवर सगळ्यांची सोय आहे, पुढचा विषय. मोटारींची जागा हुकली तरी आम्ही जाणार म्हणून तोही खूश होता. दोघांनी मिळून आमच्या तोंडाला पानं पुसली. बाहेर आल्यावर डल्सी रडायला लागली. “मी सुईनं कोरलं गं एडा, सुईनं. मीच पायावर धोंडा पाडून घेतला.” मावशीनं तिला रुमाल दिला आणि पहिल्यांदाच डल्सीच्या घासण्याला चांगलं म्हणाली. “कोपरे छान निघाले होते,” ती म्हणाली.

एकेक घर रिकामं झालं. सगळ्यात शेवटी मावशी गेली, तेही पोलीस दारात उभा राहिल्यावर. सामान गाडीत चढत असताना ती उंबरा घासत होती. पोलीस बिचारा आमच्याच भागातला, तो टोपी हातात घेऊन तिचं होईपर्यंत थांबला.

त्यानंतर खात्यानं आतून जे काढलं ते गाड्या भरभरून नेलं. फळ्यांच्या भिंती, चुली, धुराडी, मावशीची मोरी, क्लेमेंटनं ठोकलेलं फडताळ, एकावर एक चिकटवलेले भिंतीचे कागद, ज्यात सगळ्यात खालचा माझ्या आजीनं निवडलेला. कामावरच्या माणसाला मी विचारलं, हे काय करता? तो म्हणाला, “ही नंतरची भर आहे, बाई.” म्हणजे हजारो माणसं जन्मली, रांधली, भांडली, मेली, ती भर. ज्यांनी आधी येऊन तीनशे वर्षांच्या आत गाशा गुंडाळला ते मूळ. आज माझ्या घरात कुणी ‘मूळ रूप’ म्हटलं तर मी खोलीतून उठून जाते.

टेकडीवरच्या इमारतीत मावशीला वरच्या मजल्यावर घर मिळालं. गरम पाणी, संडास, सगळं आत. वाईट काय होतं? वाईट एवढंच की दार उघडलं की सिमेंटचा लांब बोळ, सगळ्या मजल्याचा एकच, आणि रखवालदार सोमवारी पाण्याची नळी मारून तो धुवायचा. उंबराच नव्हता. पहिल्या शुक्रवारी ती पोतं घेऊन बाहेर आली, बोळात इकडेतिकडे बघत उभी राहिली आणि परत आत गेली. हे मला डल्सीनं सांगितलं, ती खालच्याच मजल्यावर होती. डल्सी म्हणायची, “मी तिला म्हटलं, माझ्या आंघोळीच्या टबाची कड घास, तर माझ्याकडे असं बघितलं की मी टब धुवायलाच गेले.”

कुंपणाच्या आत काम बरीच वर्षं चाललं. मावशी थकली, गुडघे गेले. मठ लोकांना बघायला खुला झाल्याचं कळलं तेव्हा तिनं स्वतःहून मला म्हटलं, “पोरी, मला एकदा घरी घेऊन चल.” मी नको म्हणत होते. मला माझ्या तोंडाची खात्री नव्हती.

आमच्याच घरात आम्ही तिकीट काढून गेलो. वर निजघर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं, पॉलिश केलेलं, थंडगार. मावशी चालत चालत टोकाला गेली. पहिल्या खिडकीत काही नव्हतं. क्लेमेंटच्या खिडकीत काही नव्हतं. मधल्या खिडकीशी, जिथं तिची मोरी होती, तिथं काळ्या झग्यातला एक मेणाचा साधू पुस्तक वाचत बसवला होता. मावशीनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं.

“याच्या नाकावर धूळ आहे,” ती म्हणाली.

मी तिला धरून त्या गोल जिन्यानं खाली आणलं.

मोठ्या दाराशी पंधरावीस माणसांचा घोळका उभा होता आणि एक तरुण बाई त्यांना माहिती सांगत होती. छान आवाज, छान कपडे. ती म्हणाली, “आणि जाता जाता हा उंबरा जरूर पाहा. कसा खोल झिजला आहे. शतकानुशतकं साधू याच दारानं प्रार्थनेला जायचे. ही झीज त्यांच्या पावलांची आहे.” लोकांनी माना हलवल्या. एका बाईनं वाकून त्या खळग्याला बोटं लावली आणि ती बोटं ओठांना टेकवली.

माझा तोल गेला. “खोटं आहे हे,” मी म्हणाले. “तुमच्याच खात्याच्या माणसानं भर सभेत सांगितलं होतं की हा बायकांनी घासून झिजवला. त्यावरून आम्हाला बाहेर काढलं. हाकलताना झीज आमची आणि तिकीट लावताना साधूंची?”

ती बाई गडबडली. मला शांत व्हा म्हणाली, लेखी तक्रार करता येईल म्हणाली. लोक माझ्याकडे दारुड्याकडे बघावं तसे बघायला लागले. मी आणखी बोलणार होते, तेवढ्यात शेजारी हालचाल झाली म्हणून खाली बघितलं.

मावशी गुडघ्यांवर बसली होती. हातपिशवीतून तिनं एक ओलं फडकं काढलं होतं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला दुधी दगड. म्हणजे ती घरून ठरवूनच आली होती. तिनं एक कड ओली केली आणि घासायला लागली. तोच हात, तोच आवाज. मठाचा रखवालदार पुढे आला. “बाई, इथल्या वस्तूंना हात लावायचा नसतो.”

“वस्तू नाही रे, उंबरा आहे,” मावशी मान वर न करता म्हणाली. “बाजूला सरक, तुझी सावली पडतेय.” आणि तो सरकला.

मधल्या खळग्यापर्यंत ती आली तेव्हा माहितीवाल्या बाईला एकदम युक्ती सुचली. तिचा आवाज पुन्हा छान झाला. “आणि हे पाहा,” ती घोळक्याला म्हणाली, “जुन्या काळी गरीब बायका पायऱ्या कशा घासत, त्याचं प्रात्यक्षिक आज आपल्याला पाहायला मिळतंय.”

लोकांचे चेहरे खुलले. कॅमेरे वर झाले. मग कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी वाजवल्या, अगदी मनापासून, एखाद्या लहान मुलीनं गाणं म्हटल्यासारख्या.

मावशीचा हात थांबला. तिनं टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघितलं, एकेका चेहऱ्याकडे. मग दगड कागदात गुंडाळला, फडकं पिळलं, पिशवी बंद केली आणि मला हात दिला. मी तिला उठवलं. उंबऱ्याचा एक भाग ओला, दुधी. दुसरा तसाच करडा.

“मावशी, अर्धा राहिला,” मी म्हणाले.

“राहू दे,” ती म्हणाली. “राहिलेला त्यांचे साधू घासतील.”

आणि तो उंबरा ओलांडून, मागं न बघता, ती बसच्या थांब्याकडे चालायला लागली.